भाजीचा बटाटा की वेफर्सचा? शीतगृहाच्या ठरावाआधी एवढं ठरवा

निफाड, दिंडोरी, सिन्नर भागातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत बटाट्याच्या उद्योगाचा विषय निघाला की पहिली मागणी शीतगृहाची येते. माझं म्हणणं, शीतगृह नंतर. आधी बटाटा कोणता लावायचा ते ठरवा, कारण शीतगृह कसलं हवं ते त्यावरच अवलंबून आहे.

भाजीचा म्हणजे कुफरी पुखराज, कुफरी ज्योती. पुखराज लवकर निघतो, उताराही चांगला देतो; पण त्यात पाणी जास्त, म्हणून वेफर्ससाठी चालत नाही. वेफर्सला कुफरी चिपसोना किंवा अटलांटिक लागतो. त्यात सुका अंश २० टक्क्यांच्या आसपास आणि साखर अगदी कमी असावी लागते.

खरी मेख साठवणीत आहे. भाजीचा बटाटा आणि बेणं २ ते ४ अंशांवर महिनोन्‌महिने राहतं. त्याच थंडीत वेफर्सचा बटाटा ठेवला तर आतल्या स्टार्चची साखर होते आणि तेलात टाकल्यावर वेफर तपकिरी पडतो. त्याला १० ते १२ अंश हवेत, शिवाय कोंब रोखण्याची प्रक्रिया. एका खोलीत दोन्ही ठेवता येत नाहीत. आणि आपली कांदाचाळ नुसत्या वाऱ्यावर चालते, शीतगृहाला उन्हाळाभर वीज लागते. ते बिल कोण भरणार, हे ठरावातच लिहून घ्यावं.

बाजाराचं म्हणाल तर, रब्बीचा भाजीचा बटाटा जानेवारी-फेब्रुवारीत निघतो, तेव्हाच उत्तरेकडचा मालही निघालेला असतो. उत्तर प्रदेशाशी भावात टक्कर द्यायची, तीही सुरुवातीलाच, हे मला जड वाटतं. वेफर्सच्या करारात दर लावणीआधी ठरतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. ते दिवस पाहिलेल्याला ठरलेल्या दराची किंमत कळते. पण करारात प्रतवारी कडक असते. हिरवा पडलेला, चिरलेला, बारीक माल बाजूला काढतात, तो शेवटी आडतीवरच जातो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर करारावर बटाटा घेणारे शेतकरी आहेत. सदस्यांनी एक दिवस तिकडे जाऊन नाकारलेल्या मालाचं काय होतं, तेवढंच विचारून यावं.

खर्चात दोन्ही सारखे. एकरी १० ते १२ क्विंटल बेणं लागतं. कांद्याचं बी तीन-चार किलोत भागतं. बेण्यातच एवढं भांडवल अडकतं, त्यामुळे छोट्या शेतकऱ्याला मदत करायची तर ती इथे करावी.

थंडी आपल्याकडे आहे. निफाडचा पारा उतरतो, आणि कंद पोसायला २० अंशांखालच्या रात्रीच हव्यात. माझी भीती टोमॅटोची आहे. बटाटा त्याच कुळातला. करपा आणि मर दोघांनाही येते. पिंपळगाव पट्ट्यात पावसाळी टोमॅटो निघालेल्या रानात लगेच बटाटा नको.

मला विचाराल तर वेफर्सचाच घ्या, लेखी करार करून, आणि पहिली दोन वर्षं शीतगृहाशिवाय: काढला की थेट गाडीत. सुरुवात मका किंवा सोयाबीन निघालेल्या रानांपासून करा आणि त्यांची गटवार यादी बेणं मागवण्याआधी तलाठ्याकडच्या पीकनोंदीशी ताडून घ्या.