‘डायरेक्ट स्लॉट’ सांगून आमच्या गावच्या पोरांना असं लुबाडलं

ज्यांच्या घरात बीजीएमआय (पबजी मोबाइल या गेमचा भारतातला अवतार) खेळणारी पोरं आहेत त्यांनी, आणि त्या पोरांनीही, हे शेवटपर्यंत वाचावं. आमच्या गावच्या चार पोरांचे मिळून 43,400 रुपये गेले. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. तिथे माझं ऑनलाइन सेंटर आहे; सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही रोजची कामं. चौघांतला एक माझा चुलतभाऊ, त्यामुळे सगळे स्क्रीनशॉट आणि पेमेंटच्या नोंदी मी स्वतः तपासल्या आहेत.

गोष्ट 2024 च्या उन्हाळ्यातली. पोरं अठरा-एकोणीस वर्षांची आणि खेळात खरोखर तयार. स्कायलाइट्झ गेमिंग या संघाने एक कोटीच्या पहिल्या बीजीआयएसमध्ये, म्हणजे या गेमच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत, नावाजलेल्या संघांना मागे टाकून 50 लाख जिंकले, हे त्यांना तोंडपाठ. त्या वर्षीच्या बीजीआयएसचं बक्षीस दोन कोटींचं होतं. जुलैत सौदी अरेबियात रियाधला ईस्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) वर्ल्ड कप भरणार होता आणि त्यातच पबजी मोबाइलचा वर्ल्ड कप होता: 24 संघ, 30 लाख डॉलर. हे सगळं खरं. ठगाने यातलं काहीही खोटं सांगितलं नाही. या खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्याने आपलं दुकान मांडलं.

पोरं ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रिम, म्हणजे सरावाच्या मॅच, खेळायची, तिथे मेसेज आला: रियाध वर्ल्ड कपचं इंडिया क्वालिफायर, डायरेक्ट राउंड 3 चा स्लॉट (थेट तिसऱ्या फेरीत जागा), फी 400 रुपये प्रति टीम. म्हणजे एकेकाला शंभर. शंभर रुपयांसाठी घरी कोण विचारतो?

मॅच रात्री नऊची. आमच्याकडे धड नेटवर्क जिल्हा परिषद शाळेच्या वरांड्यातच मिळतं. सेंटर बंद करून घरी जाताना मी त्यांना पाहिलं. भिंतीला पाठ लावून चौघं ओळीने बसलेले, मधे पावडरचा डबा. उकाड्याने अंगठा स्क्रीनवर सरकत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने चिमूटभर पावडर चोळायची आणि पुन्हा खेळायचं. आयडीपी, म्हणजे रूमचा आयडी आणि पासवर्ड, दहा मिनिटं आधी आला. गेममधला इरँगेलचा नकाशा, 16 संघांचे स्लॉट. आमच्या पोरांनी चिकन डिनर घेतलं, म्हणजे मॅच जिंकली. पहिल्या नंबरचे 10 गुण, 13 फिनिशचे (समोरचे खेळाडू बाद केल्याचे) 13, एकूण 23. तासाभरात ग्रुपवर पॉइंट टेबल पडलं, त्यात यांच्या टीमचं नाव सगळ्यात वर. कप्तान पोराला ‘एमव्हीपी’चं, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचं, सर्टिफिकेटही आलं. त्याने ते आईला दाखवलं होतं.

मग सहा हजार ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागितलं. क्वालिफाय झालेल्या टीमने मधेच माघार घेऊ नये म्हणून, फायनलनंतर परत. ते पैसे पोरांनी लग्नसराईत मंडप-डेकोरेशनच्या मजुरीतून जमवले होते. त्यानंतर ‘यूआयडी व्हेरिफिकेशन’, म्हणजे खेळाडूच्या गेम आयडीची तपासणी, निघालं. कप्तानाच्या ईमेलवर आलेला कोड ठगाने मागून घेतला आणि सांगितलं, स्पर्धा होईपर्यंत अकाउंट आयोजकांकडे लॉक राहील. त्या अकाउंटमध्ये ग्लेशियर एम416, म्हणजे गेममधल्या बंदुकीची दुर्मिळ स्किन, होती. खेळणाऱ्यांना ती काय चीज आहे ते सांगायला नको.

शेवटी व्हिसा आणि तिकिटाचे एकेकाचे 18,500. दोघांनी भरले. एकाकडे भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस होता, माझ्या काकांनी तो विकला. दुसऱ्याच्या आईने बचत गटातून कर्ज काढलं. पोराचं नाव होईल, एवढाच तिचा हिशेब होता.

कप्तानाच्या घरून पैसे झाले नव्हते. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, पासपोर्ट किती दिवसांत निघते?”

“तुले कायले पायजे पासपोर्ट?”

तेव्हा त्याने पत्र दाखवलं. सोनेरी लोगो, खाली रियाधच्या बुलेवार्ड सिटीचा पत्ता. वर्ल्ड कप तिथेच भरणार होता, म्हणजे पत्ताही बरोबर. पण पत्राखालचा ईमेल आयडी कोणीही फुकटात उघडतो तसला होता. पैसे क्यूआरवरून एका माणसाच्या खात्यात गेले होते, कंपनीच्या नाही. आणि मुख्य म्हणजे व्हिसाच्या अर्जात पासपोर्ट नंबर लागतो. चौघांपैकी एकाकडेही पासपोर्ट नाही, मग व्हिसाची फी भरली कोणत्या नंबरावर? पासपोर्टचे साधे 1,500 आणि तत्काळचे वर 2,000 लागतात. ही चौकशी त्या माणसाने कधी केलीच नव्हती, कारण त्याला कोणाला कुठे न्यायचंच नव्हतं.

मी त्या नंबरवर फोन लावला. तो ‘सर, सर’ करत गोड बोलत होता. पासपोर्टचं विचारताच फोन कट, आणि थोड्याच वेळात चौघांना ग्रुपमधून काढलं.

घरी काकांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. “पण मॅच तर झाली ना बाप्पा? पोरगं जिंकलं, म्या सोता पायलं.”

त्यांना जे समजावून सांगितलं तेच इथे लिहितो, कारण फसवणुकीची सगळी मेख इथे आहे. कस्टम रूम कोणीही उघडू शकतो. त्यासाठी गेममध्ये रूम कार्ड मिळतं. 16 संघांकडून 400 घेतले की 6,400 रुपये हातात आले, आणि स्पर्धा म्हणून दाखवायला खरीखुरी मॅचही झाली. टेबल एक्सेलमध्ये बनतं, सर्टिफिकेट मोबाइलवर. बोगस बियाण्याच्या पिशवीवर जसं लेबल अस्सल असतं, तशी ही मॅच. पोरांचा खेळ खरा होता, 23 गुण खरे होते, त्यामागे स्पर्धाच नव्हती.

खरी वाट वेगळी आहे. बीजीआयएसची नोंदणी गेमच्या अधिकृत संकेतस्थळावर होते आणि ती मोफत असते. पुढच्या फेरीत थेट बोलावणं येतं ते आधीच्या कामगिरीवर, आयोजकांकडून. ते कोणी ग्रुपवर विकत नाही. रियाधसारख्या ठिकाणी जाणारे संघ मोठ्या स्पर्धांमधल्या कामगिरीवर जातात, आणि त्यांचा प्रवासखर्च पोरांच्या आईबापाकडून क्यूआर पाठवून गोळा होत नाही.

स्क्रीनशॉट वाचताना मला सगळ्यात जास्त चीड आली ती एका ओळीची: “घरी आत्ता काही सांगू नका, फायनल लिस्ट लागल्यावर सरप्राइज द्या.” नंतर व्हिसाचे पैसे लागले तेव्हा घरी सांगावं लागलं, पण तोवर सर्टिफिकेट होतं, टेबल होतं, आणि ‘आज सहापर्यंत नाही भरलं तर वेटिंगवाल्या टीमला स्लॉट’ अशी घाई होती. आपल्याकडे गेम म्हटलं की शिव्या ठरलेल्या, म्हणून पोरं चोरून खेळतात, आणि ठगाला नेमकं हेच माहीत असतं. आता गावात ‘गेमच्या नादानं घर बुडवलं’ असं बोलतात. मला ते पटत नाही. घर ठगाने बुडवलं. या पोरांना पहिल्या 400 रुपयांच्या वेळी विचारायला घरात कोणी असतं, तर पुढचे 43,000 वाचले असते.

ते पत्र पाहिलं त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवली. तिथे प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर, म्हणजे तो व्यवहार ओळखायचा क्रमांक, लागतो. तो पेमेंट अ‍ॅपच्या हिस्टरीत मिळतो. दुसऱ्या पोराचे 18,500 आदल्या संध्याकाळीच गेले होते, ते समोरच्या खात्यात होल्ड झाले. ते परत मिळायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागायचा. बाकीचे तोवर काढून घेतलेले. कप्तानाचं अकाउंट काही परत आलं नाही. एका पोराने बापाच्या भीतीने सगळं चॅट उडवून टाकलं होतं, तेवढा पुरावा कमी पडला. आणि तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, प्रोसेसिंग फी भरा, रक्कम मोकळी करतो’ असा फोन आला. तोही ठगच. पैसे परत करायला पोलीस फी मागत नाहीत.

आता तसाच मेसेज आर्णी-दिग्रसकडच्या ग्रुपवर फिरतोय, नंबर नवा, शहर दुसरं, फी तीच 400. तुमच्या पोराच्या मोबाइलवर आला असेल तर त्याला रागावू नका आणि ग्रुपही सोडायला लावू नका. आधी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा, क्यूआर आणि खात्यावरचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावा. पोर्टलवरचा फॉर्म भरता येत नसेल, तर गावातल्या कोणत्याही ऑनलाइन सेंटरवाल्याला सांगा. माझ्याकडे आलात तर मी भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.