पॅनिक अटॅकवरील उपचार : कर्वे रस्त्यावरील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

मागील दिवाळीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत माझ्या छातीत अचानक धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेनासा झाला आणि आपण आता इथेच कोसळणार अशी खात्री वाटली. रुग्णालयात ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी व्यवस्थित निघाली व "टेन्शन घेऊ नका" एवढ्या सल्ल्यावर माझी बोळवण झाली. पुढे असे झटके, म्हणजेच पॅनिक अटॅक, वारंवार येत राहिले. परंतु झटक्यांपेक्षा पुढच्या झटक्याच्या धास्तीने मला अधिक जखडले, कारण तिच्यापायी मी बाजार, लिफ्ट आणि भुयारी मेट्रो टाळू लागले होते.

या केंद्रात मी बारा सत्रे घेतली. पहिल्याच सत्रात समुपदेशक मॅडमनी कागदावर एक वर्तुळ काढले : छाती धडधडते, मन त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावते, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही उपपत्ती त्यांनी माझ्याच लक्षणांवरून उलगडून दाखवली. भराभर श्वास घेतल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व त्यामुळे मुंग्या येतात, झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचून ओसरू लागतो, आणि एखादा झटका आला म्हणजे पॅनिक डिसऑर्डर (वारंवार झटके आणि पुढच्या झटक्याची सततची धास्ती असलेला विकार) झाला असे नसते, हे मला तेव्हा प्रथमच कोणी नीट समजावले.

खरा कस पाचव्या सत्रापासून लागला. फिरत्या खुर्चीत गरगरणे, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणे, जागच्या जागी धावणे अशा व्यायामांतून तीच लक्षणे मुद्दाम निर्माण करून ती सोसायची असतात. त्यानंतर नेहमीचा आधार असलेली पाण्याची बाटली घरी ठेवून, सोबतीला कोणालाही न घेता, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट असा भुयारी मेट्रोचा प्रवास मला करावयाचा होता. मंडई स्थानकात दार उघडले तेव्हा उतरून पळावेसे वाटले, तरी मी बसून राहिले. स्वारगेटला पोहोचेपर्यंत धडधड पुरती थांबली नव्हती, मात्र तिची पूर्वीसारखी दहशत उरली नव्हती. तोच प्रवास मी त्या आठवड्यात आणखी चार वेळा केला.

केंद्राशी संलग्न मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि आरंभी अस्वस्थता वाढू शकते, हे त्यांनी आधीच सांगितले, म्हणून मी त्या मध्येच सोडल्या नाहीत.

उणिवाही आहेत. पहिली भेट मिळायला पाच आठवडे लागले, आणि ज्याला घराबाहेर पडण्याचीच धास्ती आहे त्याच्यासाठी तो काळ फार मोठा असतो. ५० मिनिटांच्या सत्राचे १२०० रुपये अनेकांना परवडणार नाहीत. त्यांना निदान १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक तरी कळवावा, कारण तेथे दिवसरात्र मराठीतही बोलता येते. सर्वांत खटकले ते झटक्यांची नोंद ठेवण्याच्या वहीतील तक्ते केवळ इंग्रजीत असणे. 'जीव घाबरा होणे', 'हातपाय गळणे' असे नेमके शब्द आपल्याकडे असताना मला ऐन भीतीच्या क्षणी शब्दकोश पाहावा लागत होता. शेवटच्या सत्रात मी त्या तक्त्याची मराठी प्रत करून केंद्रात दिली आहे. ती इतर रुग्णांनाही मिळावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.