स्कूटरच्या पिस्टनच्या रिंगा दोनदा बदलल्या, सात महिन्यांनंतर सांगतोय

माझी ११० सीसीची स्कूटर नऊ वर्षं जुनी. रोज कासारवडवली ते वागळे इस्टेट. मागच्या वर्षी माजिवड्याचा पूल चढताना निळसर धूर सुटायला लागला आणि ऑइल बदलून हजार किलोमीटर होतात तोच डिपस्टिक कोरडी. पहिल्या गॅरेजने नुसत्या रिंगा (पिस्टनभोवतीची धातूची कडी) टाकल्या, १,८०० रुपये घेतले. दीड महिन्यात धूर परत! त्याचा राग अजून आहे, कारण ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो भाग, उघडला होता, माप घ्यायला दहा मिनिटंही लागली नसती.

दुसऱ्या मिस्त्रीने खोलण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या वर तयार होणारा दाब, गेज लावून पाहिलं. कमी होतं. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून परत पाहिलं, तर काटा वर गेला. म्हणजे ऑइलने रिंगांजवळची फट तात्पुरती बुजली: व्हॉल्व्ह ठीक, गळती रिंगांपाशी. मग ब्लॉक उतरवला, एक नवी रिंग बोअरमध्ये (ब्लॉकच्या आतल्या गोल पोकळीत) ठेवून पिस्टनने सरळ खाली सारली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. वरच्या बाजूला फट मोठी, तळाशी लहान. म्हणाला, "दादा, बोअरच घासलाय. नवी रिंग टाकून काय होणार?"

लेथवर बोअर थोडा मोठा करून ०.२५ मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन बसवला. होनिंगच्या, म्हणजे बोअर आतून घासून पाडलेल्या, बारीक तिरक्या रेघा मी बोटाने चाचपून पाहिल्या. ऑइल धरून ठेवतात त्या याच. वरची रिंग जळालेला गॅस अडवते, दुसरी त्याला हातभार लावून ऑइल खरवडते, तिसरी, म्हणजे दोन पातळ पट्ट्या आणि मधली स्प्रिंग, जास्तीचं ऑइल खाली धाडते. पिस्टनची बरीचशी उष्णताही रिंगांमधूनच ब्लॉकला जाते, हे मला तिथे कळलं. खुणेची बाजू वर ठेवून आणि फटीची तोंडं एकमेकांपासून लांब फिरवून त्याने रिंगा चढवल्या. सगळे मिळून ६,२०० रुपये झाले.

पहिले ५०० किलोमीटर फुल गॅस द्यायचा नाही, एकाच वेगात लांब पळवायची नाही, हे मी मनापासून पाळलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते आपोआपच होतं. नंतर लगेच ऑइल बदललं.

आता ६,४०० किलोमीटर झालेत. अॅव्हरेज ३६ वरून ४४ वर आलं. गायमुखचा चढ दोघं बसूनही आरामात चढते. एक मात्र सांगतो: धूर फक्त सकाळी स्टार्ट करताना येऊन थांबत असेल, तर आधी व्हॉल्व्हचं ऑइल सील बघून घ्या, ब्लॉक उघडू देऊ नका.

परवा प्लग काढला. पूर्वी काळा आणि तेलकट निघायचा. आता टोक कोरडं, फिकट तपकिरी.