क्लाउड की स्वतःचे सर्व्हर: हिशेब नेमका कुठे फिरतो

क्लाउडवर जायचं की स्वतःचे सर्व्हर घ्यायचे, हा निर्णय बहुतेक कंपन्या तासाच्या दरावरून घेतात. एकीकडे इन्स्टन्सचा, म्हणजे क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या आभासी सर्व्हरचा दर, दुसरीकडे सर्व्हर विक्रेत्याचं कोटेशन, आणि स्वस्त दिसेल त्यावर शिक्का. माझ्या मते तासाचा दर ही या हिशेबातली सगळ्यात कमी महत्त्वाची बाब आहे. निकाल दोन गोष्टींवर लागतो: तुमचा लोड, म्हणजे सर्व्हरवरचा कामाचा भार, किती खालीवर होतो, आणि तुमच्या यंत्रणेतून किती डेटा बाहेर जातो. हे दोन आकडे हाती नसतील तर निर्णय महिनाभर पुढे ढकला आणि आधी ते मोजा.

लोड स्थिर असेल तर

एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये एम५.एक्सलार्ज हा इन्स्टन्स, म्हणजे ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि १६ जीबी रॅम, ऑन-डिमांड, म्हणजे बांधिलकीशिवायच्या दराने तासाला ०.१९२ डॉलरला मिळतो. महिन्याचे ७३० तास धरले तर साधारण १४० डॉलर. असे १० इन्स्टन्स सतत चालू ठेवले तर महिन्याला १,४०० डॉलर, ५० ठेवले तर ७,०००.

आता दुसरी बाजू. इथले आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. ६४ थ्रेड (एक थ्रेड साधारण एका व्हीसीपीयूइतका) आणि २५६ जीबी रॅमचा सर्व्हर १२,००० डॉलरला घेतला आणि पाच वर्षं वापरला, तर घसारा महिन्याला २०० डॉलर. कोलोकेशनची, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेली जागा, वीज आणि सुटे भाग मिळून आणखी १५०. म्हणजे एका सर्व्हरमागे ३५०. वरच्या १० इन्स्टन्सचं काम असा एकच सर्व्हर सहज करतो, पण एकट्या सर्व्हरवर कुणी धंदा चालवू नये. दोन घेतले तर ७०० डॉलर झाले, क्लाउडच्या बरोबर निम्मे. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि खरेदीची ऑर्डर देऊन मोकळे होतात.

राहून जातो तो माणसाचा वेळ. डिस्क बदलणं, फर्मवेअर अपडेट, नेटवर्क स्विच, रात्री बंद पडलेलं मशीन, या सगळ्यात महिना ४,००० डॉलर पगाराच्या इंजिनिअरचा पाव वेळ गेला तरी १,००० डॉलर वाढले. बेरीज १,७०० होते आणि क्लाउड स्वस्त ठरतो. माणूस क्लाउडलाही लागतो, परवानग्या, नेटवर्क आणि बिलं सांभाळायला. म्हणून हिशेबात फक्त ते काम धरा जे क्लाउडवर गेल्यावर खरोखर नाहीसं होतं.

लोड पाचपट झाला की चित्र पालटतं. ५० इन्स्टन्सचं काम चार सर्व्हर करतात, दोन राखीव ठेवले तर सहा, म्हणजे २,१०० डॉलर. माणसाचा वेळ पाचपट वाढत नाही, फार तर अर्धा माणूस लागेल, म्हणजे २,०००. एकूण ४,१००, समोर क्लाउडचे ७,०००. स्वतःच्या सर्व्हरचं अर्थशास्त्र हे असं आहे: सुरुवातीचा स्थिर खर्च मोठा आणि पुढचं प्रत्येक मशीन स्वस्त.

पण स्थिर लोडसाठी ऑन-डिमांड दर कुणीही देऊ नये. एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी स्वीकारली तर एडब्ल्यूएसच्या सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये ७२ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. प्रत्यक्षात निम्मी मिळाली असं धरलं तरी ७,००० चे ३,५०० होतात आणि क्लाउड पुन्हा पुढे जातो. म्हणजे शुद्ध कॉम्प्युटिंगच्या बाबतीत, सवलत नीट घेतली तर, दोन्ही पर्याय वाटतात त्याहून बरेच जवळ आहेत. तराजू कलतो तो डेटामुळे.

बाहेर जाणारा डेटा

क्लाउडमध्ये डेटा आत आणायला पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायला पडतात. एडब्ल्यूएसवरून इंटरनेटकडे जाणारे पहिले १०० जीबी दरमहा मोफत असतात. पुढे १० टीबीपर्यंत जीबीमागे ०.०९ डॉलर, त्यानंतरच्या टप्प्यात ०.०८५. महिन्याला ३० टीबी बाहेर जात असेल तर फक्त याचेच साधारण २,६०० डॉलर होतात. वरच्या हिशेबातल्या सवलतीच्या ३,५०० मध्ये ते मिळवा, ६,१०० झाले. उलट बाजूला ३० टीबी म्हणजे महिनाभराचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १०० मेगाबिट. कोलोकेशनमध्ये लाइनचं भाडं साधारणपणे जीबीवर नाही, वेगावर ठरतं, आणि एवढ्याला एका गिगाबिटची लाइन भरपूर झाली.

यात आतल्या वाहतुकीचे पैसे अजून धरलेले नाहीत. दोन अ‍ॅव्हेलेबिलिटी झोनमधून, म्हणजे एकाच रीजनमधल्या वेगळ्या डेटा सेंटरमधून, डेटा इकडून तिकडे गेला तर दोन्ही दिशांना जीबीमागे ०.०१ डॉलर लागतो. नॅट गेटवेचे, म्हणजे आतल्या मशीनना इंटरनेटशी जोडणाऱ्या दाराचे, तासाचे वेगळे आणि जीबीचे वेगळे. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. एकेक रक्कम किरकोळ आहे, पण कोटेशनच्या कागदावर यातली एकही दिसत नाही. बिलात मात्र सगळ्या एकदम येतात.

नेटफ्लिक्सचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. २००८ मध्ये त्यांच्या डेटाबेसमध्ये मोठा बिघाड झाला, त्यानंतर कंपनीने एडब्ल्यूएसची वाट धरली आणि जानेवारी २०१६ मध्ये हे स्थलांतर पूर्ण केलं. सगळं क्लाउडवर गेलेली कंपनी म्हणून तिचं नाव नेहमी घेतलं जातं. पण प्रेक्षकापर्यंत जाणारा व्हिडिओ, म्हणजे डेटाचा सगळ्यात मोठा ओघ, एडब्ल्यूएसमधून जात नाही. तो ओपन कनेक्ट या त्यांच्या स्वतःच्या नेटवर्कवरून, इंटरनेट कंपन्यांच्या जागेत ठेवलेल्या मशीनवरून जातो. हिशेब, शिफारशी, नोंदणी क्लाउडवर आणि जड माल स्वतःच्या गाडीतून, ही विभागणी मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते.

ड्रॉपबॉक्सने हेच साठवणुकीच्या बाबतीत केलं. वापरकर्त्यांच्या फाइलींचा बहुतांश साठा एडब्ल्यूएसवरून स्वतःच्या यंत्रणेत हलवल्यावर दोन वर्षांत ७.४६ कोटी डॉलर वाचले, असं त्यांच्या २०१८ च्या आयपीओच्या कागदपत्रांत नोंदलं आहे. ३७सिग्नल्स या तुलनेने लहान सॉफ्टवेअर कंपनीचं २०२२ मधलं क्लाउड बिल ३२ लाख डॉलर होतं. सुमारे ७ लाख डॉलरचे डेल सर्व्हर घेऊन त्यांनी बराचसा भार बाहेर काढला, आणि त्यासाठी ऑपरेशन्सची टीम वाढवावी लागली नाही असं जाहीर केलं. ही उदाहरणं वाचून लगेच हुरळून जाऊ नका. दोन्हींचा लोड वर्षानुवर्षं माहीत असलेला होता आणि दोन्हींकडे सर्व्हर चालवता येणारी माणसं आधीपासून होती.

लोड हलता असेल तर

समजा तुम्हाला ५० मशीन लागतात, पण दिवसातले दोनच तास. उरलेले २२ तास आठ पुरतात. सरासरी निघते साडेअकरा मशीन. क्लाउडवर ऑन-डिमांड दरानेसुद्धा महिन्याला साधारण १,६०० डॉलर होतात. स्वतःचे सर्व्हर मात्र ५० च्या हिशेबानेच घ्यावे लागतात आणि ते ४,१०० खातातच, चालोत किंवा रिकामे बसोत. एडब्ल्यूएसने ऑक्टोबर २०१७ मध्ये लिनक्स इन्स्टन्सला सेकंदावर बिल लावायला सुरुवात केल्यापासून हा फायदा अगदी थोड्या वेळाच्या कामांनाही मिळतो. मध्येच थांबवलं तरी चालेल असं काम असेल, उदाहरणार्थ रात्रीचे अहवाल किंवा व्हिडिओचं एन्कोडिंग, तर स्पॉट इन्स्टन्सवर, म्हणजे रिकाम्या पण कधीही परत घेतल्या जाणाऱ्या मशीनवर, ९० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. स्वतःच्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटात, असं काही मिळत नाही.

यातून एक सोपा नियम निघतो. स्वतःच्या यंत्रणेचा एकूण खर्च भागिले क्लाउडचा तेवढ्याच मशीनचा खर्च. वरच्या उदाहरणात ४,१०० भागिले ७,०००, म्हणजे साधारण ६० टक्के. तुमचा सरासरी लोड कमाल लोडच्या ६० टक्क्यांहून कमी असेल तर क्लाउड, जास्त असेल तर स्वतःचे सर्व्हर. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल आणि सवलती व डेटा मिळवल्यावर आणखी हलेल, पण हा भागाकार न करता बैठकीला बसू नका.

लोड किती असेल हे माहीतच नसेल, म्हणजे नवं उत्पादन असेल, तर भागाकारही नको. क्लाउडच. सहा महिन्यांनी उत्पादन बंद पडलं तर सर्व्हर विकत बसावे लागणार नाहीत.

बाहेर पडण्याची किंमत आणि जोखीम

लॉक-इनची, म्हणजे एकाच पुरवठादाराकडे अडकून पडण्याची भीती क्लाउडच्या बाबतीतच घातली जाते, ते अपुरं आहे. गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि एडब्ल्यूएसने मार्च २०२४ मध्ये कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांना डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ केलं. युरोपीय संघाच्या डेटा अ‍ॅक्टनुसार तिथे १२ जानेवारी २०२७ पासून सेवा बदलण्याचं शुल्क लावताच येणार नाही. खरी गाठ डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या खास डेटाबेससारख्या सेवांची असते, जिथे स्थलांतर म्हणजे कोड पुन्हा लिहिणं. आणि स्वतःच्या रॅकमध्येही गाठी असतात: ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही आभासी सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि सगळे वर्गणीवर आले.

बॅकअपचा खर्च दोन्हीकडे सारखाच धरा. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गमधलं ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची यंत्रणा चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे पुसली गेली, आणि ती परत उभी करताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले बॅकअप कामी आले.

मधला रस्ता

रॅक सांभाळायचा नाही पण जीबीमागे पैसेही द्यायचे नाहीत, अशांनी महिन्याच्या भाड्याने मिळणारे डेडिकेटेड सर्व्हर बघावेत. हार्डवेअरची जबाबदारी पुरवठादाराची, भाडं ठरलेलं, आणि बऱ्याच ठिकाणी भरपूर बँडविड्थ त्यातच. १० ते ५० इन्स्टन्सच्या दरम्यान असलेल्या स्थिर लोडसाठी मी आधी हाच पर्याय तपासेन.

क्लाउड ठरलाच, तर बांधिलकी जपून घ्या. एकाच प्रकारच्या इन्स्टन्सशी बांधणाऱ्या सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये ७२ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, कोणत्याही इन्स्टन्सला लागू होणाऱ्या कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये ६६ टक्क्यांपर्यंत. मी ६६ वाला घेईन, तोही वर्षभर कधीच खाली न जाणाऱ्या किमान लोडपुरता. तीन वर्षांत ग्रॅव्हिटॉन या एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या प्रोसेसरसारख्या चिपच्या नव्या पिढ्या येतात, आणि त्यांवर जाण्याची मोकळीक त्या सहा टक्क्यांपेक्षा जास्त मोलाची आहे.