अकरावी प्रवेशाचे सशुल्क मार्गदर्शन : लातूरमधील एका केंद्राचा अनुभव

अर्ज भरून देण्याच्या कामात हे केंद्र चोख आहे; महाविद्यालय निवडून देण्याच्या कामात मात्र ते फारसे उपयोगाचे नाही. गंगाखेडहून मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी लातूरच्या ट्यूशन एरियातील या केंद्राकडे गेलो आणि दोन हजार रुपये शुल्क भरले. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्यामुळे पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या महानगरांपुरता असलेला पसंतीक्रमाचा प्रकार आता मराठवाड्यातील पालकांनाही समजून घ्यावा लागतो, आणि अशा केंद्रांचा व्यवसाय त्यावरच उभा आहे.

पसंतीक्रम कसा भरावा, हे तेथील तरुण कर्मचाऱ्याने उत्तम समजावले. जास्तीत जास्त दहा महाविद्यालये नोंदवता येतात. त्यांपैकी पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते, नाहीतर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर केवळ नावासाठी कोणतेही महाविद्यालय टाकू नये, असे त्याने बजावले. एकाच महाविद्यालयातील अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्या यादीत स्वतंत्र दिसतात आणि त्यांच्या शुल्कात मोठा फरक असतो, हेही त्याने संगणकावर उघडून दाखवले. ही एक गोष्ट दुर्लक्षिली गेली असती, तर दोन वर्षांच्या खर्चाचा आमचा हिशेब पुरता चुकला असता.

खरी उणीव त्यानंतरच्या चर्चेत जाणवली. मुख्य मार्गदर्शकांनी गुणपत्रिका पाहिली, मागील वर्षीच्या कटऑफच्या तक्त्यावर बोट ठेवले आणि दहा नावे उतरत्या क्रमाने लिहून दिली. राजर्षी शाहू आणि दयानंद ही लातूरमधील नामांकित महाविद्यालये अर्थातच वर होती. त्यांच्याबद्दल आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु मुलीला गणित ठेवायचे आहे की केवळ जीवशास्त्र, दोनशे गुणांचा द्विलक्ष्यी (बायफोकल, म्हणजे संगणकशास्त्रासारखा व्यावसायिक) विषय घेण्याचा विचार आहे का, ती वसतिगृहात राहणार की नातेवाइकांकडे, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. यादीच्या खालच्या भागात अशी दोन महाविद्यालये होती, जिथे विद्यार्थ्याचे नाव फक्त पटावर असते आणि शिकवणी संलग्न क्लासमध्ये चालते. बारावीच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थितीचा नियम असताना हे कसे चालते, असे विचारल्यावर ‘ते सगळे क्लासवाले बघून घेतात’ असे उत्तर मिळाले, आणि पाठोपाठ त्याच क्लासचे माहितीपत्रक हातात आले.

याहून गंभीर बाब म्हणजे, बारावी मराठवाड्यातूनच केली तर वैद्यकीय प्रवेशात विभागाच्या ७० टक्के जागांचा लाभ मिळतो, असे त्यांनी ठामपणे सांगितले. हा ७०:३० चा प्रादेशिक कोटा राज्य शासनाने २०२० मध्येच रद्द केला असून आता राज्याच्या वाट्याला येणाऱ्या ८५ टक्के जागा राज्यस्तरीय गुणवत्तेनुसार भरल्या जातात. लातूर की छत्रपती संभाजीनगर की थेट पुणे, हा निर्णय अनेक पालक या जुन्या समजुतीवर घेतात. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्याने तरी ती खोडून काढायला हवी होती.

केंद्राची जागा स्वच्छ आहे, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि दुपारनंतर गर्दी फार होते. ज्यांच्या घरी ऑनलाइन अर्जाची सवय असलेले कोणी नाही, त्यांनी केवळ अर्ज भरण्यापुरती ही सेवा घ्यावी. त्या कामासाठी पाचशे रुपये वाजवी वाटतात. दहा नावांची यादी मात्र संबंधित महाविद्यालयांत प्रत्यक्ष जाऊन, प्रयोगशाळा नियमित उघडतात का हे तेथील बारावीच्या मुलांना विचारून, घरीच तयार करावी. आम्ही अखेर त्यांच्या यादीतील चार नावे वगळली आणि उरलेल्यांचा क्रम बदलूनच अर्ज निश्चित केला.