क्वालिटेटिव्ह अॅनालिसिस शिकवायचंय: आर्काइव्हमधल्या मुलाखती घ्याव्यात की मुलांनाच फिल्डवर पाठवावं?

एमएच्या वर्गाला गुणात्मक विश्लेषण, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातून अर्थ काढणं, शिकवायचंय, विषय ठरलाय स्थलांतरित माणसं नव्या समाजात कितपत मिसळतात, आणि हातात एकच सेमिस्टर आहे. मग मुलांकडून नव्या मुलाखती करून घ्यायच्या की आधीच कुणीतरी घेतलेल्या वापरायच्या? माझं मत स्पष्ट आहे. विश्लेषण शिकवायचं असेल तर जुन्या घ्या, मुलाखत कशी घेतात ते शिकवायचं असेल तर मुलांना पाठवा. दोन्ही एकाच सेमिस्टरमध्ये बसवायला गेलं की बळी विश्लेषणाचाच जातो.

मुख्य अडचण वेळेची. तासाभराचं रेकॉर्डिंग नीट टाइप करायला नवख्याला पाच-सहा तास सहज लागतात, त्यात बोलणारा भोजपुरी, हिंदी, मराठी मिसळून बोलत असेल आणि मागे साइटवर मशीन चालू असेल तर विचारूच नका, ऑटोमॅटिक ट्रान्स्क्रिप्शनही अशा बोलण्यात अडखळतं आणि सगळं परत ऐकून दुरुस्त करावंच लागतं. तोपर्यंत परीक्षा तोंडावर येते आणि मुलं 'भाषेची अडचण', 'घरभाडं', 'गावची आठवण' असे चार मथळे टाकून मोकळी होतात. त्यातून ती काहीच शिकत नाहीत.

जुन्या मुलाखतीत अख्ख्या वर्गासमोर एकच पान असतं, आणि खरी मजा इथे आहे. समजा त्यात एका बाईंचं वाक्य आहे, "शेजारी चांगले आहेत, कधी कुणी त्रास दिला नाही." एक मुलगी त्याला 'एकोपा' असा कोड, म्हणजे अर्थ सांगणारं छोटं लेबल, देते, दुसरा मुलगा 'अंतर' देतो, कारण त्याचं म्हणणं, त्रास न देणं वेगळं आणि येणंजाणं असणं वेगळं. आता दोघांना मागचंपुढचं वाचावंच लागतं. बाईंनी एकाही शेजाऱ्याचं नाव घेतलंय का, आजारपणात कुणाला हाक मारली, आणि मुळात प्रश्न काय होता? "शेजाऱ्यांचा काही त्रास होतो का?" असं विचारलं असेल तर उत्तरातला 'त्रास' हा शब्द त्यांचा नाहीच, विचारणाऱ्याचा आहे. हा वाद वर्गात अर्धा तास चालू द्या. प्रत्येकाची मुलाखत वेगळी असली की असा वाद होतच नाही, कारण दुसऱ्याची मुलाखत कुणी वाचलेलीच नसते.

मग हवं तर स्थलांतरितांच्या मिसळण्याबद्दलची अॅगर आणि स्ट्रँग या संशोधकांची 2008 ची मांडणी द्या: आपल्यातल्या लोकांशी नातं, दुसऱ्या समाजाशी नातं आणि सरकारी यंत्रणेशी संबंध, हे तीन धागे वेगळे बघायचे. पण ती नंतर द्या, आधी दिली तर मुलं तीन कप्पे भरत बसतात.

कुठलं आर्काइव्ह? ब्रिटनच्या यूके डेटा सर्व्हिसकडे गुणात्मक मुलाखतींचा मोठा साठा आहे, त्याची सुरुवात 1994 साली एसेक्स विद्यापीठात क्वालिडेटा म्हणून झाली. बऱ्याच संचांसोबत प्रश्नावली आणि पद्धतीची माहिती मिळते, ती शिकवायला सोन्यासारखी. काही साहित्य खुलं, काहीला रजिस्ट्रेशन आणि अटी, त्या आधी वाचा, फाइल वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून देऊ नका. तोटा म्हणजे इंग्रजी तिथल्या बोलीतलं, संदर्भ तिथले, आणि ओळख लपवताना कधीकधी गावाचं, मोहल्ल्याचं नावही जातं, जे या विषयात फार लागतं. दुसरा पर्याय 1947 पार्टिशन आर्काइव्ह. फाळणी बघितलेल्यांच्या व्हिडिओ मुलाखती, त्यामुळे चेहरा आणि थांबणं दिसतं. आपल्याकडे कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, म्हणून मुलांना विषय जवळचा वाटतो. शिवाय त्या वेळी दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे, नव्याने विचारायला फार थोडे उरलेत. पण या आठवणी अनेक दशकांनी सांगितलेल्या आहेत, हे प्रत्येक कोडच्या वेळी डोक्यात ठेवायला लागतं.

फिल्डवर काय मिळतं ते आर्काइव्ह देऊ शकत नाही, हेही खरंच. खोलीत बसवलं की दारातच बोलले, मालक आल्यावर आवाज बदलला का, हे कागदावर क्वचितच उतरतं. तरी सकाळी मजूर नाक्यावर काम मिळायची वाट बघणाऱ्या माणसाला आपल्या सरावासाठी तासभर बोलायला लावणं मला अजिबात पटत नाही, त्याची दिवसाची मजुरी जाऊ शकते.

म्हणून माझा सल्ला, कोडिंग जुन्या मुलाखतींवर, आणि दोघादोघांनी मिळून एकच छोटी, वीस मिनिटांची मुलाखत, ओळखीतल्या आणि सवड असलेल्या माणसाची, टाइपही स्वतःच करायची. सॉफ्टवेअरला पैसे घालू नका, असं कोडिंग करायचं टॅगेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि त्या एका मुलाखतीची संमती घेतानाच, पुढच्या बॅचला शिकवायला वापरली तर चालेल का, हे वेगळं विचारून लिहून घ्या, कारण वर्षभराने त्या माणसाने खोली बदललेली असते आणि नंबर लागत नाही.