मालवणात ४के पीसी: कुठे पैसे घातले, कुठे वाचवले

किनारपट्टीवर राहून ४के गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंग दोन्हीसाठी पीसी जोडायचा असेल तर यूट्यूबवरची बिल्ड जशीच्या तशी उचलू नका, हे आधीच सांगतो. ती सगळी एसी रूममध्ये, लाईट न जाणाऱ्या शहरात बसून केलेली असते. माझ्या मशीनवर आता अख्खा पावसाळा गेलाय म्हणून लिहितोय, ज्याला उपयोग होईल त्याने घ्या.

पार्ट कुडाळच्या एका दुकानातून घेतले. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर थोडे स्वस्त पडले असते हे मान्य, पण तिथल्या दुकानदार काकांनी माझी यादी हातात घेतली आणि भाव सांगायच्या आधी विचारलं, "आधी माका सांग, ह्या मशीन गेमाक जास्त होया की एडिटिंगाक? आणि कॅमेरो खयचो?" कॅमेरा कुठला हे विचारणारा दुकानदार मला आधी कुठे भेटला नव्हता, आणि खरं तर अर्धी निवड त्या एका प्रश्नावरच ठरते.

कसं ते बघा. माझं काम म्हणजे लग्नं, शिमग्याच्या पालख्या, दशावतार, आणि सीझनला तारकर्लीचे स्कूबावाले त्यांचं फुटेज आणून टाकतात. सोनीच्या कॅमेऱ्यावर मी ४के, १०-बिट, ४:२:२ मध्ये (रंग किती बारकाईने साठवायचा ते ठरवणारे हे आकडे) शूट करतो, त्यात नेहमीच्या ४:२:० पेक्षा रंगाची माहिती दुप्पट असते, आणि दशावतारात रात्रीचा लाईट, तोंडावरचा रंग, चमकणारे मुकुट हे सगळं ग्रेड करताना (म्हणजे रंग जुळवताना) ती माहिती फार कामाला येते. पण हाच फॉरमॅट उलगडताना मशीनची दमछाक होते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० सिरीजपर्यंत ग्राफिक्स कार्डात ४:२:२ चं हार्डवेअर डिकोडिंग (प्रोसेसरवर भार न टाकता कार्डानेच व्हिडिओ उलगडणं) नव्हतंच, २०२५ ला ५० सिरीज आली तेव्हा एच.२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन्ही प्रकारांसाठी ते मिळालं. त्यामुळे जुनं ४०८० सेकंडहँड स्वस्तात मिळत होतं ते मी सोडलं. गेमला ते आजही दणकट कार्ड आहे, पण माझ्या टाइमलाइनवर तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम टाकलं की सगळा भार प्रोसेसरवर गेला असता. इंटेलच्या क्विक सिंकमध्ये (प्रोसेसरमधला व्हिडिओ उलगडणारा भाग) एचईव्हीसीचं ४:२:२ आधीपासून आहे, ज्याला कार्ड जुनंच ठेवायचंय त्याने तो रस्ता बघावा.

मी आरटीएक्स ५०७० टीआय घेतलं, १६ जीबी मेमरीचं. साध्या ५०७० ला १२ जीबी आहे आणि ४के साठी तिथेच मला थांबावंसं वाटलं नाही, कारण ४के म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट, टेक्सचर अल्ट्रावर ठेवलं की मेमरी भराभर भरते आणि रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) लावलं तरी तेच. ५०८० लापण १६ जीबीच आहे, म्हणून वरचे पैसे तिकडे घालायला मन झालं नाही. गेममध्ये डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणारी सोय) क्वालिटीवर ठेवून खेळतो, फरक शोधायला गेलं तरच दिसतो. सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड दाखवणारी जड सेटिंग) लावायचं असेल तर मात्र डीएलएसएसशिवायचं नेटिव्ह ४के विसरा, तिथे हे कार्ड काय, याच्या वरचंही धापा टाकतं. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवणं) मी मूळ फ्रेम सेकंदाला साठच्या आसपास असतील तरच लावतो, नाहीतर माऊस जड वाटतो.

प्रोसेसरला सगळे गेमर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी सांगतात, आणि १०८०पी (फुल एचडी) ला खेळणाऱ्याला ते बरोबरच आहे. पण ४के ला बहुतेक गेममध्ये कार्डच आधी थकतं, प्रोसेसर वाट बघत बसतो. त्याच्या आठ कोअरऐवजी बारा कोअरचा रायझन ९ ९९००एक्स घेतला, एक्सपोर्टला आणि प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या) करायला ते चार कोअर सरळ उपयोगी पडतात. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात तेव्हा प्रोसेसर इको मोडवर (कमी वीज घेणारा) टाकतो, रेंडरला थोडा वेळ जास्त जातो पण खोली तापत नाही आणि फॅनचा आवाज येत नाही. कूलर दोन टॉवरचा एअर कूलर. लिक्विड कूलर दिसायला छान हो, पण पंप गेला तर इथे दुसरा येईपर्यंत मशीन बंद, आणि लग्नसराईत तेवढे दिवस कोण थांबणार? एअर कूलरचा फॅन गेला तर तात्पुरता कुठलाही १२० एमएमचा लावून काम चालतं.

रॅम ६४ जीबी, ३२ च्या दोनच काड्या. चार काड्या लावू नका, एएम५ वर (या प्रोसेसरचं सॉकेट) चार लावल्या की स्पीड खाली येतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत त्यात ६४ घेताना हात थरथरतो खरा, ज्याचं एडिटिंग साधं आहे त्याने ३२ वर भागवावं, फक्त १६ च्या दोन घ्याव्या.

एसएसडीत जेन ५ च्या (नव्या, जास्त वेगाच्या पिढीच्या) मागे लागू नका, जेन ४ पुरे. त्याच पैशात जागा जास्त घ्या, कारण ४के ५०पी ला (सेकंदाला ५० फ्रेम) २०० एमबीपीएसने (सेकंदाला २०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ९० जीबी होतात, आणि पालखी काय तासाभरात देवळात परतत नाही.

आता लाईट. इथे मी यादीतलं सगळ्यात जास्त डोकं घातलं आणि तुम्हीही घाला. पॉवर सप्लाय ८५० वॅटचा गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा), एटीएक्स ३.१ या नव्या मानकाचा. एनव्हिडिया या कार्डाला ७५० सांगते, वरचे वॅट मी मुद्दाम ठेवले. यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट बघा, हजार व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा सहाशे वॅटच देतो. आणि प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) घ्या, आजकालच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढायला लावणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट त्यातल्या काहींना चालत नाही, लाईट गेली की यूपीएस असूनही मशीन धाडकन बंद पडतं. काकांनी हे दुकानात समोर लावून, मेन स्विच खाली पाडून दाखवलं, वर गेम चालू ठेवून! यासाठी त्यांना माझे शंभर टक्के मार्क. यूपीएस हा सेव्ह करून बंद करायलाच आहे, त्यावर दोन तास खेळायचं मनात आणू नका.

अर्थिंग तपासून घ्या, इलेक्ट्रिशियनला मीटर लावायला सांगा. जांभ्यातला खड्डा उन्हाळ्यात सुकला की अर्थिंग ढिलं पडतं, त्यात वेळेवर पाणी घालायचं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, आणि राउटरकडून येणारी लॅनची तारही काढायची, ती बहुतेक लोक विसरतात.

राहिला खारा वारा. मीठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याहून खाली कधी येते? म्हणजे बोर्डावर बसलेली खारी धूळ पावसात ओली होते, वीज वाहायला लागते आणि तांबं-पत्रा खाते. म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं, धुता येणारे फिल्टर असलेलं घेतलं, आत हवा ओढणारे फॅन तीन आणि बाहेर टाकणारा एक, म्हणजे हवा फिल्टरमधूनच आत येते, फटींतून नाही. काचेच्या पुढच्या बाजूचं कॅबिनेट मला आवडत नाही, दिसतं छान आणि आत गुदमरतं. खिडकीसमोर टेबल ठेवू नका. पावसात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतली ऊब दमट हवा टिकू देत नाही. आठवडाभर गावाला जाणार असाल तर प्लग काढून झाका आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

या पावसाळ्यानंतर उघडून बघितलं तर बोर्ड, कार्डाचे कनेक्टर स्वच्छ. मागच्या बाजूला कॅबिनेटचे दोन-तीन स्क्रू तांबडे झालेत, कॅबिनेट कंपनीने तिथे पैसे वाचवलेत, ते स्टेनलेसचे बदलून घेतले. कार्डातून गेमच्या मेनूत फ्रेम फार वर गेल्या की बारीक किरकिर ऐकू येते, फ्रेम लिमिट लावली की थांबते.

मॉनिटर २७ इंची ४के, आयपीएस पॅनलचा. ओएलईडीवर गेम काय दिसतात ते बघितलंय, पण दिवसभर रिझॉल्व्हची तीच टाइमलाइन, तेच पॅनल समोर असतात, त्यात डाग बसायची भीती म्हणून सोडलं. रिझॉल्व्हचं स्टुडिओ व्हर्जन घ्या, पैसे एकदाच जातात, दरवर्षीची वर्गणी नाही. फुकटचं व्हर्जन यूएचडी (म्हणजे ४के) ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट देतं, शिकणाऱ्याला तेवढं भरपूर आहे.

कुडाळला जाणार असाल तर आपल्या कॅमेऱ्याची एखादी मूळ क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा. काका ती दुकानातल्या मशीनवर चालवून दाखवतात आणि मगच कार्ड सांगतात.